बोट टेकवलं तरच शब्द

तुम्हाला मराठीतलं एक अक्षर कळत नव्हतं, म्हणून हे मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत लिहायला बसले असते तर पहिल्याच ओळीला तुमचा आवाज कानात आला असता, की वाक्याचा शेवट गिळलास, परत म्हण. मराठीत तुम्ही मला पकडू शकत नाही. तसंही तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली, पकडणार तरी कसे म्हणा. तोंडावर मी तुम्हाला कधी सर म्हटलं, बहुतेक वेळा काहीच न म्हणता भागवलं. नागपूरला आईशी फोनवर बोलताना मात्र मी तुमचा उल्लेख 'घरमालक आजोबा' असा करायची, आणि तिच्या डोळ्यांसमोर कुणीतरी पेन्शनर, सकाळी फिरून येणारे, पेपरातलं कोडं सोडवणारे आजोबा यायचे. फिरायला तुम्ही जात होता आणि कोडंही सोडवत होता, तेव्हा मी तसं काही खोटं बोलत नव्हते. फक्त आजोबा जर्मन आहेत, सिनेमात काम करतात आणि जवळजवळ प्रत्येक सिनेमात गोळी लागून मरतात, एवढं सांगायचं मी टाळलं. तिने दुसऱ्या दिवशी बाबांना विमानात बसवून दिलं असतं.

मागच्या रविवारी तुमचा शेवटचा सिनेमा पुन्हा पाहिला. मी आता ह्यूस्टनजवळ शुगर लँडला राहते. पाइपलाइनच्या कंपनीत जन्म काढला आणि आता रिटायरमेंटला टेकले आहे. इथल्या लायब्ररीत जुने सिनेमे दाखवणारं एक मंडळ आहे, दहा-पंधरा हौशी माणसं. त्यांनी तुमचे तीन सिनेमे लावायचं ठरवलं, आणि शेवटच्या सिनेमाच्या नामावलीत अगदी तळाशी, ड्रायव्हर आणि जेवण पुरवणाऱ्यांच्या जरासं वर, त्यांना माझं नाव सापडलं, संवाद सहाय्यक म्हणून. एका गृहस्थांनी इंटरनेटवर शोधाशोध केली, तर बाई त्यांच्यापासून वीस मिनिटांवर. त्यांना कोण आनंद झाला! सिनेमा संपल्यावर चार शब्द बोला म्हणाले, विशेषतः त्या पॉजबद्दल. स्वयंपाकघरातला पॉज. कुठला ते तुम्हाला सांगायला नको. तुम्ही गेल्यापासून जो कोणी तुमच्याबद्दल बोलतो तो त्या पॉजबद्दलच बोलतो, आणि ज्यांनी ज्यांनी मला विचारलं त्यांना मी हेच सांगत आले की काय अभिनय होता तो, आम्ही सगळे बघतच राहिलो. तो अभिनय नव्हता हे तुम्हाला माहीत होतं. मला माहीत होतं का, हे तुम्ही मला एकदाच विचारलंत आणि मी तेव्हा खरं सांगितलं नाही. ते आज सांगायचं म्हणून बसले आहे. बघू कितपत जमतं.

तुमच्या घरात मी आले ती एका चिठ्ठीमुळे. लॉस एंजेलिसला मी केमिकल इंजिनिअरिंगचं एम.एस. करत होते आणि आमच्या डिपार्टमेंटच्या बोर्डावर कुणीतरी टाचणीने लावलं होतं, खोली आहे, गाडी चालवणारी आणि मोठ्याने वाचता येणारी व्यक्ती हवी. गाडीचं लायसन्स मिळून मला तीनच आठवडे झाले होते, पण मोठ्याने वाचण्याबद्दल मला लहानपणापासून घमेंड. कॉलेजच्या एकांकिकांत दोन वर्षं काम केलं होतं, आणि तिसऱ्या वर्षी नायिकेचं काम दुसरीला दिलं म्हणून फुगून विंगेत प्रॉम्प्टर म्हणून उभी राहिले होते. तुम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला होतात. ऐंशीच्या घरातले, पाठ ताठ, शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावलेलं. माझ्यापुढे चार पानं सरकवलीत आणि म्हणालात, मी डॉक्टर, तू पेशंट, वाच. मी वाचलं. काय वाचलं म्हणून सांगू! आवाजात कंप काय, हुंदका काय, शेवटी तर खरंच डोळ्यांत पाणी. तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेतलंत आणि शांतपणे विचारलंत, तुला अभिनय करायला कुणी सांगितलं?

मग समजावून सांगितलंत. समोरच्या पात्राची वाक्यं वाचणाऱ्याने सपाट वाचायची, बसचं टाइमटेबल वाचावं तशी. तू रडलीस तर मी तुझ्या रडण्यावर माझं उत्तर बसवीन, आणि उद्या सेटवर समोरची बाई हसली की माझं सगळं मुसळ केरात. तुम्ही अर्थात मुसळ म्हणाला नव्हतात, पण भावार्थ तोच. तू भिंत हो, म्हणालात. भिंत व्हायला मला महिना लागला. पण दुसरी खोड त्याहून वाईट होती. तुम्ही वाक्याच्या मध्ये थांबलात की मी पुढचा शब्द पुटपुटायची. विंगेत लागलेली सवय ती. नट थांबला की शब्द द्यायचाच. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवलात. आवाज चढवला नाहीत, तो तुम्ही फक्त कॅमेऱ्यापुढे चढवायचात. म्हणालात, ही थांबायची जागा माझी आहे. इथे मी विसरलेलो नाही, विचार करतोय. शब्द हवा असेल तेव्हा मी टेबलावर बोट टेकवीन. बोट टेकवलं तरच शब्द द्यायचा, नाहीतर छत कोसळलं तरी गप्प बसायचं. मला इतका राग आला की वर जाऊन मी खोलीचं दार धाडकन लावलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर तुम्ही त्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालताय. मीच ओशाळले.

तुमचं आयुष्य मला तुकड्यातुकड्याने कळलं, बहुतेक गाडीत, कारण तिथे मला रस्त्याकडे बघावं लागे आणि तुम्हाला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नसे. बर्लिनला नाटक शिकलात. विशीत दोन बोलपटांत प्रेमात पडणाऱ्या पोराची कामं केलीत. एकात तुम्ही सायकलवरून गाणं म्हणत जाता, असं एकदाच सांगितलंत आणि लगेच सिग्नल हिरवा झाल्याचं बजावलंत. मग नाझी आले आणि आई ज्यू म्हणून थिएटरच्या यादीतून तुमचं नाव गेलं. आधी पॅरिस, मग इकडे. आई मागून येणार होती, ती आली नाही. त्याच्यापुढे तुम्ही कधी गेला नाहीत आणि मीही विचारलं नाही. आणि इथे आल्यावर तुमचा चेहरा, तुमचे ते उच्चार बघून तुम्हाला काम काय मिळावं? त्यांचंच. ज्यांच्या भीतीने घर सोडलं त्यांचाच गणवेश चढवून चाळीस वर्षं तुम्ही पोट भरलंत. कर्नल, कॅप्टन, तुरुंगाधिकारी, एकदा तर शिकारी कुत्र्यांचा अधिकारी. तुम्हाला संताप नाही का येत, असं मी विचारलं तर म्हणालात, ते काम नीटच केलं पाहिजे, कारण ती माणसं दिसायला किती सभ्य होती हे इथे कुणाला माहीत नाही. टीव्हीवर तुमचा जुना सिनेमा लागला की भांडी पुसायचा टॉवेल घेऊन तुम्ही दारात येऊन उभे राहायचात, आता मी जिन्यावरून पडतो असं जाहीर करायचात, आणि पडून झालं की उरलेल्या बशा पुसायला परत जायचात. मला हसू आवरायचं नाही. तुम्हालाही मजा वाटते असं मी धरून चालले होते.

मला तुम्ही बोलायला शिकवलंत, हे मात्र मी कुणालाही सांगेन आणि ते खरं आहे. माझ्या सेमिनारच्या आधी तुम्ही मला त्याच स्वयंपाकघरात उभं केलंत, स्वतः कांदे चिरत राहिलात आणि मला हीट एक्स्चेंजरवर बोलायला लावलंत. तुम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. दहा मिनिटं ऐकल्यावर म्हणालात, वाक्य सुरू करतेस रुबाबात आणि संपवतेस माफी मागत. हे असं मला माझ्या आईनेही कधी सांगितलं नव्हतं, कारण आईसुद्धा तशीच बोलते, आमच्या घरातल्या सगळ्या बायका तशाच बोलतात. पुढे पंचवीस वर्षं मीटिंगांमध्ये मी टेबलाच्या टोकाला उभी राहून माझ्या दुप्पट आकाराच्या टेक्सन पुरुषांना नाही म्हणत आले, ते 'नाही' शेवटपर्यंत ऐकू जाईल असं. कुणी कौतुक केलं की मी मनात तुमचं नाव घ्यायची. तुमच्याबद्दल मला माया होती हो. हे आधी लिहून ठेवते, पुढचं वाचून कुणाला वाटायचं नाही म्हणून.

माझ्या दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तो सिनेमा आला. दिग्दर्शक पस्तिशीचा, दाढीवाला. तुम्ही पानं चाळून पहिला प्रश्न विचारलात की यात माझे कपडे काय आहेत. स्वेटर, तो म्हणाला. तुम्ही त्याला तीनदा विचारलंत, फक्त स्वेटर? म्हातारा आजोबा, सात वर्षांची नात, दोघं एका घरात, एवढीच गोष्ट. मध्यावर नात विचारते की तुझं लहानपणीचं घर कसं होतं, आणि आजोबा सांगतो. दीड पान सलग. चौथा मजला, जिन्यात कोळशाचा वास, खिडकीशी बसून बटाटे सोलणारी आई, साल तुटू न देता सोलणारी. आणि शेवटच्या दिवशीही ती तिथेच बसलेली असते आणि तो तिला, गुरुवारपर्यंत येतो, असं सांगून निघतो. हे तुमचंच आहे का, असं विचारायचा मला धीर झाला नाही. तुम्ही त्यातली दोन विशेषणं खोडलीत आणि बाकी सगळं ठेवलंत. त्या दिवशी मला तुम्ही दोनदा म्हणालात की चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला बसून बोलायला सांगतंय. गणवेशातला माणूस उभ्याने बोलतो आणि हुकूमच सोडतो. एवढं एक भाषण नीट होऊ दे, म्हणालात, मग मी परत जिन्यावरून पडायला मोकळा.

तीन आठवडे रोज संध्याकाळी आपण ते दीड पान घेऊन बसत होतो. मी नात, तुम्ही आजोबा, मध्ये टेबल. पहिल्या आठवड्यात तुमचं बोट एकदाही टेकलं नाही. दुसऱ्यात टेकायला लागलं, आणि गंमत म्हणजे दरवेळी त्याच जागी, चौथ्या मजल्यानंतर. मी 'जिन्यात' एवढा एक शब्द द्यायची की गाडी सुरू व्हायची आणि थेट गुरुवारपर्यंत पोचायची. तू जागी आहेस ना ते बघत होतो, असं तुम्ही म्हणायचात. तिसऱ्या आठवड्यात ते म्हणणंही बंद झालं. नुसतं बोट टेकायचं, मी शब्द द्यायची, आणि आपण दोघंही काही घडलंच नाही असं करायचो. एकदा तुम्ही बोट टेकवून माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघत राहिलात, तेव्हा मला रडू आलं आणि मी पाणी प्यायला उठले. एवढ्या मोठ्या माणसाला एक शब्द सापडू नये! पण भाषण सगळं होतं तुमच्याजवळ. दार फक्त बाहेरून ढकलावं लागत होतं.

शूटिंग शहराबाहेरच्या एका जुन्या घरात होतं. लहान मुलांना सेटवर किती तास ठेवायचं याचे तिकडे कडक नियम, म्हणून सकाळी त्या चिमुरडीचे शॉट आधी उरकले आणि दुपारी तिची आई तिला घेऊन गेली. आता कॅमेरा तुमच्याकडे वळणार होता आणि तिची वाक्यं कुणीतरी कॅमेऱ्याशेजारून म्हणायची होती. तुम्ही दिग्दर्शकाला सांगितलंत, ही म्हणेल. मला एका बुटक्या स्टुलावर बसवलं, माझे डोळे त्या मुलीच्या डोळ्यांच्या उंचीला यावेत म्हणून. तुम्ही माझ्याकडेच बघून बोलणार होतात. इतक्यात दिग्दर्शकाला सुचलं की हाताला काम हवं. त्याने एक भांडंभर बटाटे आणि छोटी सुरी मागवली. तुम्हाला ते फार आवडलं, आई सोलायची तर मुलगाही सोलतोय. आणि माझ्या मनात पहिली गोष्ट कुठली आली असेल तर ही, की एका हातात बटाटा, दुसऱ्यात सुरी, आता हे बोट कसं टेकवणार. स्पष्ट आलं मनात. उठून तुमच्या कानात सांगावं असंही आलं. तेवढ्यात मेकअपवाली तुमच्या कपाळावर पावडर लावायला आली, कुणीतरी सायलेन्स म्हणालं, आणि राहून गेलं.

मी सपाट आवाजात विचारते की तुझं घर कसं होतं. तुम्ही सोलता आहात, साल लांब लोंबते आहे. तुम्ही म्हणता, आम्ही चौथ्या मजल्यावर राहायचो. आणि थांबता. सुरी थांबते. तुम्ही मान वर करून माझ्याकडे बघता. आधी चेहऱ्यावर काहीच नाही. मग तुम्ही आत कुठेतरी शोधायला लागता, ते दिसतं, अंधारात भिंतीवर बटण चाचपडावं तसं. मग भीती येते. पडद्यावर आयुष्यभर तुम्ही दुसऱ्यांना घाबरवलं होतंत, तुमच्या स्वतःच्या चेहऱ्यावर ती मी कधी बघितली नव्हती. आणि मग ती भीती लपवायची धडपड, समोरच्या लहान मुलीला कळू नये म्हणून, ओठ जरा हसल्यासारखे करून. समोरची लहान मुलगी म्हणजे मी. शेगडीवर प्रसंगापुरतं ठेवलेलं पातेलं खळखळत होतं. तुम्ही कितीतरी वेळाने तिकडे मान वळवलीत आणि म्हणालात, पाणी उकळलं बघ. आणि उठून गॅस बंद केलात.

कट म्हटल्यावर टाळ्याच टाळ्या. कॅमेऱ्यामागचा धिप्पाड माणूस शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होता. तुम्ही दिग्दर्शकाला हळूच म्हणालात की परत एकदा घेऊ या, भाषण राहिलं. त्याने तुमचे दोन्ही हात हातात घेतले आणि सांगितलं की भाषणाची आता काही गरजच नाही, भाषणाने हे नासेल. जुन्या शिस्तीचे तुम्ही, दिग्दर्शकाशी हुज्जत कधी घातली नव्हती, तेव्हाही घातली नाहीत. त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलंत. मी टाळ्या वाजवत होते.

परतताना गाडीत, फ्रीवेला लागल्यावर तुम्ही विचारलंत, "शब्द का दिला नाहीस?"

"तुम्ही बोट टेकवलं नाहीत."

तुम्ही मांडीवरचे हात उलटेसुलटे करून पाहिलेत. "बरोबर. नियम माझाच आहे." मग थोड्या वेळाने, "पण तुला कळलं होतं का?"

"मला वाटलं तुमचा पॉज आहे," मी म्हणाले. वाक्याचा शेवट गिळला. तुम्ही टोकलं नाहीत.

त्यानंतर तुम्ही मला वाचायला बोलावलं नाहीत. एक-दोन पटकथा आल्या, त्या तुम्ही प्रवासाला जातोय असं कळवून परत पाठवल्यात. जात कुठेच नव्हता. दुपारी बागेत खुर्ची टाकून बसायचात आणि मी प्रयोगशाळेतून आले की काय केलंस एवढं विचारायचात, मी सांगायची, तुम्ही ऐकायचात. आधीसारखंच होतं सगळं, फक्त टेबलावर पानं नव्हती. नामावलीत माझं नाव घालायला तुम्ही स्वतः फोन करून सांगितलंत. मी नको नको म्हणत होते, तर म्हणालात, काम केलंस तर नाव जातं. त्या बोलण्यात टोमणा होता का, हे मी इतकी वर्षं तपासून पाहते आहे. नव्हता. तुम्ही टोमणे मारणाऱ्यांतले नव्हतात, म्हणूनच ते जास्त लागलं. मी नोकरी घेऊन ह्यूस्टनला आले. सिनेमा लागला, पेपरांनी त्या पॉजला डोक्यावर घेतलं, आणि तुम्ही फोनवर म्हणालात, चाळीस वर्षं बोललो त्याचं कुणाला काही नाही, एकदा गप्प बसलो तर बघ. मी खूप हसले. दुसऱ्या हिवाळ्यात शेजारच्या बाईंचं पत्र आलं की तुम्ही गेलात. रजा मिळाली नाही असं मी त्यांना कळवलं. रजा मी मागितलीच नव्हती.

तर रविवारी दुपारी लायब्ररीत. आमच्या मराठी मंडळातल्या चौघी-पाचजणी आल्या होत्या, तू हॉलिवूडमध्ये होतीस आणि आम्हाला इतकी वर्षं पोहेच खायला घातलेस, असं म्हणत. माझी लेकही आली होती. सव्वीस वर्षांची आहे, फिजिओथेरपिस्ट आहे, ऑस्टिनहून मुद्दाम गाडी घेऊन आली. सिनेमा संपला, त्या गृहस्थांनी माइक दिला आणि विचारलंच, त्या पॉजमध्ये ते काय विचार करत असतील. मी उभी राहिले, पाठ ताठ, आणि सांगितलं की तीन आठवडे आम्ही त्या पॉजची तालीम केली होती, तो किती लांबवायचा हे त्यांनी मनात मोजून ठेवलं होतं. एकेक शब्द शेवटपर्यंत स्पष्ट. हॉलमध्ये सगळ्यांनी सुस्कारा सोडला. मला बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण त्या वेळी बरंच वाटलं.

परत येताना लेक ड्राइव्ह करत होती. बाहेर ती इथली दमट भट्टी, आत एसी घोंघावतोय. ती म्हणाली, "आई, दॅट वॉजन्ट अ‍ॅक्टिंग, वॉज इट?" मी म्हटलं, म्हणजे काय. तेव्हा तिने आजीची आठवण काढली. गेल्या उन्हाळ्यात माझी आई आली होती, नव्वदीची. जेवताना वरणाची पळी हातात घेऊन नातीकडे बघत राहिली, तिचं नाव आठवेना. सेम फेस, लेक म्हणाली. आणि तू तर त्यांच्या समोर बसली होतीस, म्हणजे तुला माहीत होतं.

"हो," मी म्हटलं. "कळलं होतं."

"देन व्हाय डिडन्ट यू हेल्प हिम?"

मी तिला नियम सांगितला, बोटाचा. बटाट्यांचं सांगितलं, सुरीचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, आजीला मी फक्त माझं नाव सांगितलं, दॅट्स ऑल. आजी हसली होती आणि तिने वरण वाढलं होतं, हे मलाही आठवत होतं. लेकीच्या आवाजात ठपका नव्हता. तिने इंडिकेटर दिला, घराचा एक्झिट घेतला, आणि रात्री जेवायला काय करायचं ते विचारलं.

मी स्वतःला पुष्कळ कारणं देऊन पाहिली आहेत. नियम तुमचाच होता, हे एक. मी मध्ये बोलले असते तर तुम्ही विसरता हे सगळ्या युनिटला कळलं असतं आणि पुढे तुम्हाला कुणी घेतलं नसतं, हे दुसरं. पण ते मला ह्यूस्टनला आल्यावर सुचलं, त्या स्टुलावर बसले असताना सुचलेलं नव्हतं. तुमचं घर विकलं गेलं, तिथे आता कोण राहतं ठाऊक नाही, आणि हे कागद मी लेकीलाही दाखवणार नाही, तेव्हा लिहून टाकते. मला तुमचा शब्द येत होता. ओठांवर होता. एवढा एक म्हटला असता तर तुम्ही पुढे गेला असता, दीड पान, बसून, आईपर्यंत. मी म्हटला नाही, कारण तुम्ही इतके चांगले मला कधीच दिसला नव्हता आणि ते संपू नये असं मला वाटत होतं. तुम्ही बुडत होता आणि मी बघत होते. इतकंच असतं तर माझ्या तेव्हाच्या वयाचा दोष म्हणून सोडून दिलं असतं. पण परवा लायब्ररीच्या त्या काळोखात, सगळं ठाऊक असून, तुमची मान पातेल्याकडे वळायला लागली तेव्हा माझ्या मनात आलं, इतक्यात नको, अजून थोडा वेळ.